मधला फुटाणा

"मधोमध मृत्यूची दरीच असणार," मी म्हणाले.

"आधी मांड तर," हसकेलकाका म्हणाले.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, लिहायचं नाही, म्हणून सिनेगॉगच्या ओट्यावर काका फुटाण्यांनी शिकवत. तोरा या धर्मग्रंथातला उतारा असो की स्तोत्र, एकेका हिब्रू शब्दाला एकेक फुटाणा मांडायचा आणि मग दोन्ही टोकांकडून एकेक उचलत आत यायचं. मध्ये उरेल ते त्याचं काळीज. आज त्यांनी नेमकं मेंढपाळाचं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ', काढलं होतं. नवरा गेल्यापासून मी ते पुरतं म्हणूच शकले नव्हते. त्यातल्या मृत्यूच्या दरीच्या ओळीपाशी आवाज बसायचा.

उचलत आले, तर शेवटी दोन उरले.

"ह्याला काळीजच नाही, काका!"

काका ओशाळले. "अगं, एक मीच तोंडात टाकला."

पुन्हा मांडले, पुन्हा उचलले. आता एकच उरला. सुरुवातीपासून शब्द मोजले. मधोमध दरी नव्हतीच. अठ्ठाविसावा शब्द होता 'तू', 'तू माझ्याबरोबर आहेस' मधला. तोवर देवाला 'तो' म्हणणारा माणूस दरीत शिरल्यावर थेट त्याच्याशीच बोलू लागला होता.

काकांचा हात सवयीने फुटाण्याकडे गेला. मी तो चटकन मुठीत घेतला आणि स्तोत्र शेवटपर्यंत म्हटलं.