गोधडीचा पंचनामा

"दहावा दिवस! गोधडी कोरडी ठाक!" पांडूआबानं अंगणातून आरोळी ठोकली. "लिहून घ्या. डॉक्टरला जमलं नाय ते या पांडूनं करून दाखवलं."

लिहून घ्यायला कुणी नव्हतं, पण ऐकायला निम्मी आळी होती.

आबाची तीस वर्षं खालापूरला कचेरीत शिपाई म्हणून गेली होती. साहेबांच्या मागं फिरून फिरून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. पंचनामा झाल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी नसते. म्हणून आठ वर्षांची नात अपेक्षा अंथरूण ओलं करायला लागली, तशी आबा रोज सकाळी तिची गोधडी अंगणात आणायला लागला. पंच दोन. बायको पुतळाबाई आणि शेजारची भागूबाई. भागूबाई तळवा दाबून बघायची, पुतळाबाई वास घ्यायची, आणि आबा निकाल मोठ्यानं जाहीर करायचा. आरोपी दारात उभी असायची, दप्तर पोटाशी धरून.

फिटच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हापासूनचं हे. चार महिन्यांत फिट एकदाही आली नाही, गोधडी मात्र रोज ओली. मेडिकलवाल्यानं अपेक्षाच्या आईला, मेघाला, सांगितलं होतं, "या गोळीनं होतं वैनी काही काही पोरांना. गोळी बंद करू नका. डॉक्टरना सांगा, ते बघतील काय ते."

आबाला ते पटलं नाही. "फिटची गोळी डोक्यात जाते. खालचं खातं तिच्याकडं नाय." आणि असली गोष्ट कर्जतच्या डॉक्टरपुढं बोलायची तरी कशी? घराण्याची अब्रू होती. अख्ख्या आळीला ठाऊक असलेली गोष्ट डॉक्टरला कळता कामा नये, यावर घरात एकमत झालं. मेघाचं मत कुणी विचारलं नाही.

मग आबानं स्वतःच इलाज काढला. काळे तीळ आणि गूळ, रोज सकाळी एक लाडू. आणि काय सांगावं, पाचव्या लाडवाला गोधडी कोरडी निघाली ती निघालीच.

आजही अपेक्षा लाडू गालात धरून शाळेला निघून गेली, तरी आबाचं भाषण संपेना.

"पोर पन शानी झाली बग," पुतळाबाई म्हणाली. "आधी गोळी बघून रडायची. आता दोन येळा आपल्या हातानं घेते न् जाते कोंबड्यांना दाने घालायला. एका शब्दानं बोलावं लागत नाय."

"समदं खरं," भागूबाई म्हणाली, "पन भावजी, तुमचा कोंबडा रिटायर झाला काय वो? आठ दिस झाले, आरवतच नाय. आमचा गजा रोज कामाला उशिरा जातोय."

"गारठा लागला आसंल. त्यालाबी देतो एक लाडू."

मेघा झाडता झाडता थांबली. केरसुणी तिथंच टाकून ती खुराड्याकडं गेली. कोंबडा कोपऱ्यात मान टाकून बसला होता, परतीच्या टेंपोतल्या वऱ्हाड्यासारखा. एरवी कोंबड्यांना टोचून पहिला घास स्वतः खाणारा गडी, पण मेघानं उचलला तरी फडफडला नाही. त्याच्या खाली तांदळाच्या कण्यांत काहीतरी गुलाबी दिसलं. तिनं बोटानं उकरलं.

अंगणात येऊन तिनं तळहात आबापुढं धरला. दोन गोळ्या अख्ख्या होत्या. एकीला चोच लागलेली.

"काय गं हे?"

"तुमचा इलाज." मेघाचा आवाज चढला नाही. "पोरगी धा-बारा दिस गोळी खातच नाय, आबा. सगळ्या कोंबड्याला घातल्या तिनं. तुमी रोज तिची गोधडी गावाला दावता. मग ती काय करंल?"

भागूबाईनं गोधडीवरचा हात हळूच काढून घेतला. पुतळाबाईनं पदर तोंडाला लावला. आबानं गोळ्यांकडं पाहिलं, मग लाडवांच्या डब्याकडं.

"म्हंजी," तो म्हणाला, "तिळानं नाय?"

मेघा घरात गेली, गोळ्यांचं पाकीट घेऊन बाहेर आली आणि चपला घालायला लागली.

"आता शाळेत कुटं जातेस? सांजला घेईल की," आबा म्हणाला.

"आत्ताच देते. आन् तिथनंच कर्जतला नेते डॉक्टरकडं. समदं सांगते त्यांना."

"समदं?"

एक चप्पल पायात आणि एक हातात असतानाच तिचा फोन वाजला. शाळेतल्या बाईंचा होता. मेघा नुसतं "हो" म्हणत राहिली.

प्रार्थना चालू असताना अपेक्षाला फिट आली होती. दोन-तीन मिनिटं चालली. आता ती शुद्धीवर होती. बाईंनी सांगितलं, लगेच या, आणि येताना कोरडा स्कर्ट आणि चड्डी घेऊन या. प्रार्थनेला पहिली ते सातवी, सगळे वर्ग हजर होते.