हलका पाय

नत्थूच्या ट्रकचा ब्रेक लावायचा म्हणजे सीटवरून अर्धं उठून सगळं अंग पायावर टाकावं लागे. तरी मरोद्याच्या नव्या रस्त्यावर तो रोज मुरूम घेऊन यायचा आणि तिथे पाटी वाहणाऱ्या रंभाच्या, आपल्या बायकोच्या, पाठीशी हातभर अंतर ठेवून ट्रक उभा करायचा. बाकीच्या रेजा, मजूर बाया, ओरडत पळायच्या. रंभा वळूनसुद्धा बघायची नाही.

मग कामावरच्या रशियन साहेबाचा ड्रायव्हर गावी गेला आणि साहेबाची गाडी महिनाभर नत्थूकडे आली. तिला क्लचच नव्हता. पहिल्याच दिवशी नत्थूचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला, तो ब्रेकवर पडला आणि साहेबाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. तेव्हापासून त्याने डावा पाय मागे दुमडून ठेवला. उजवा इतका हलका केला की गाडी उभी राहिली तरी साहेबाच्या हातातला चहा हलत नसे.

साहेबाचा ड्रायव्हर परत आला. नत्थू त्याच दुपारी ट्रकमध्ये मुरूम भरून मरोद्याला निघाला. रंभाची पाठ दिसली, तसा त्याचा पाय ब्रेकवर टेकला. नुसता टेकला. ट्रक थांबला, पण रंभाच्या पलीकडे जाऊन.

"मी ओरडली ना तिले, सरक म्हणून," तिच्यासोबतची भागाबाई रडत रडत नत्थूला सांगत होती. "थे हासली. म्हणे, तुमी पळा वो. माह्या माणसाचा पाय मले मालूम हाये."