न भिजलेल्या बाह्या

शनिवारी दुपारी तिकीटबाईंनी फाटकाच्या खिडकीवर नवा कागद चिकटवला आणि मामांचं काम संपलं.

मामा म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावरचे गार्ड. तंबू ठोकून राहायला येणाऱ्या पाहुण्यांनी दारू कशातही लपवावी, थर्मासात, शाम्पूच्या बाटलीत, एकाने तर बाळाच्या दुधाच्या बाटलीत, मामा झाकणाजवळ नाक नेत आणि म्हणत, “चला, खड्ड्यावर.” खड्डा फाटकामागेच होता. मालकाच्या डोळ्यांदेखत बाटली उलटी करायची आणि वहीत त्याची सही घ्यायची, असा नियम. गर्दी नसलेल्या दिवशीसुद्धा दोन-तीन बाटल्या सापडत आणि सुट्टीला तीस. मामांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजत.

हे नाक त्यांना फुकट मिळालं नव्हतं. चौदा वर्षं पिऊन कमावलेलं होतं. गेली तीन वर्षं थेंब घेतला नव्हता, आणि नेमक्या त्याच तीन वर्षांत रोज दुसऱ्यांची ओतायची वेळ आली होती. बदलीसाठी दोनदा अर्ज केला. साहेब म्हणाले, “बदली देतो हो, पण असं नाक मी दुसरं कुठून आणू?”

मामांनी चष्मा पुसून कागद वाचला. तंबूत राहणाऱ्या सज्ञान पाहुण्यांना आपल्यापुरती दारू सोबत नेण्यास मुभा. शेकोटीजवळ पिऊ नये. दंगा करू नये. प्राण्यांना पाजू नये.

“म्हणजे आता आपण काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“तंबूचा नंबर द्यायचा,” तिकीटबाई म्हणाल्या. “आणि हसायचं.”

संध्याकाळपर्यंत मामांनी नंबर दिले. हसणं जमेल तेवढं केलं. एक पांढऱ्या दाढीचे पाहुणे नेहमीचे होते. त्यांच्या सहा बाटल्या मामांनी खड्ड्यात घातल्या होत्या. आज त्यांनी सातवी खुशाल हातात मिरवत आणली.

“काय मामा, वास नाही घेणार?”

“नाही साहेब. जा सुखाने.”

पाहुण्यांना काय वाटलं कोण जाणे. खिशातून पुदिन्याची गोळी काढून त्यांनी मामांच्या हातावर ठेवली. “तुमच्या नाकाला फार छळलं आम्ही,” म्हणाले आणि आत गेले. मामांनी गोळी खिशात टाकली.

बसमध्ये एरवी मामांच्या शेजारची जागा रिकामीच राहायची. लोक एकदा नाक वर करत आणि पुढे सरकत. मामांनी त्याची सवय करून घेतली होती, म्हणजे खिडकीबाहेर बघत बसायची. आज एक बाई येऊन शेजारी बसल्या आणि बसूनच राहिल्या. दुसऱ्या थांब्यानंतर तर त्यांनी वेळही विचारली. मामांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी वेळ मिनिटासकट सांगितली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ते माणसासारखे घरी चालले होते. बायको काय म्हणेल याचा विचार करता करता हात खिशात गेला, गोळी सापडली, आणि ती त्यांनी तोंडात टाकली.

बायकोचा नियम उद्यानाच्या नियमापेक्षा कडक होता. फाटकावरून थेट घरी यायचं, हात न धुता. पीत असताना मामा साबणाने खसाखसा हात धुऊन, तोंडात काहीतरी चघळत यायचे, म्हणून हा नियम. हातांना वास यायला हवा, तोंडाला येता कामा नये. ती रोज दारात हात हुंगायची, मग तोंड, आणि मग बाजूला व्हायची. तीन वर्षांत एकदाही अडवलं नव्हतं.

मामांनी उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे केले. तिने उजवा हुंगला. डावा हुंगला. परत उजवा.

“धुतलेत?”

“नाही गं. नियम बदलला. आता दारू आत न्यायला मुभा आहे. ओतायचं काही उरलंच नाही.”

सांगताना मामा हसत होते. शब्दांबरोबर पुदिन्याचा वास बाहेर आला.

ती सरळ उभी राहिली. चेहरा एकदम म्हातारा झाला. चौदा वर्षं मामांनी तो चेहरा पाहिला होता, आणि परत पाहावा लागणार नाही असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

“गोळी एका पाहुण्याने दिली,” ते घाईने म्हणाले.

“कुठल्या?”

“त्यांच्या बाटल्या मी नेहमी...” मामा बोलता बोलता थांबले. आपण कसे बोलतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. “कागद लावलाय खिडकीवर. वाटल्यास तिकीटबाईंना फोन कर.”

“त्यांना कशाला खोटं बोलायला लावायचं?”

ती भांडली नाही. भांडली असती तर मामांना बरं वाटलं असतं. दमलेल्या माणसासारखी ती उंबऱ्यावरच बसली, दार अडवून. मामांचे हात अजून तसेच पुढे होते.

“मित्राचं लग्न झालं, साहेबांनी आग्रह केला, खोकल्याचं औषध होतं,” ती एकेक बोट मिटत म्हणाली. “सगळी कारणं ऐकली मी. पण सरकारलाच मध्ये घातलंत, हे पहिल्यांदाच.”