घरचा माल

डॉक्टरांनी छोटी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. सुईने काढलेलं पाणी होतं त्यात. पाणी कसलं, गाडीतून काढलेल्या जुन्या ऑइलसारखं काळंकुट्ट काहीतरी.

"आजोबा, हे तुमच्या खुब्यातलं," ते म्हणाले. "धातूचा चुरा आहे. आतलं मांस खात चाललाय."

म्हातारा वाकून बघू लागला. जन्मभर पायी टपाल वाटलेला माणूस. खुबा बदलल्यावर दोन वर्षं पुन्हा तसाच हिंडला होता, मग पाय दगा द्यायला लागला. शेजारी त्याचा मुलगा बसला होता, पायाशी बॅग ठेवून. तो कृत्रिम सांध्यांच्या कंपनीत विक्रीला होता. एरवी या खोलीत तो माल खपवायला यायचा, त्यामुळे आज हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळत नव्हतं.

डॉक्टरांनी एक्स-रे लावला.

"हाडात ठोकलेला दांडा एका कंपनीचा, आणि त्याच्या टोकावरचा गोळा भलत्याच कंपनीचा. वरून बघाल तर फिट्ट. पण केसभर फरक आहे, पावलागणिक घासतोय. हा उद्योग कुणी केला?"

"गोळा ह्याच्या कंपनीचा," म्हातारा म्हणाला. "भारीतला. स्वतः नेऊन दिला ह्यानं तेव्हाच्या डॉक्टरांना. म्हणाला, माझ्या बापाला बाहेरचा कशाला?"

फिरायला येणाऱ्या झाडून सगळ्या मित्रांना त्याने हे ऐकवलं होतं. घरचा माल आहे, म्हणायचा, आणि मांडीवर थाप मारायचा.

डॉक्टर मुलाकडे वळले. "दुसऱ्या कंपनीच्या भागावर बसवू नये, असं खोक्यावर छापलेलं असतं ना?"

"ते सगळ्याच कंपन्या छापतात, सर."

"मग?"

मुलाने पायाशी ठेवलेली बॅग खुर्चीखाली सरकवली. आता दांडाही काढावा लागेल, डॉक्टर म्हणाले, आणि तो इतका पक्का बसलाय की हाड चिरूनच निघेल. पुढे चालता येईल का, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हाताऱ्यानेही विचारलं नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात मुलाने एका हातात बॅग घेतली आणि दुसऱ्या हाताने बापाचा दंड धरला.

"बाबा, सावकाश."

म्हातारा थोडं चालून थांबला. "तू काय मुद्दाम केलंस का? तुला काय माहीत असणार."

असा बसवू नये, हे मुलाला माहीत होतं. बसवला तरी काही होत नाही, हेही त्याला तेव्हा तितकंच माहीत होतं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याचे दोन्ही हात अडकलेले. म्हाताऱ्यानेच फोन काढला, बटण दाबलं आणि मुलाच्या कानाशी धरला. पलीकडचा आवाज दोघांनाही ऐकू येत होता. दुसऱ्या हॉस्पिटलातले सर्जन बोलत होते. उद्या एका बाईंचा खुबा बदलायचा होता, दांडा आला होता, पण त्याच कंपनीचा गोळा काही आला नव्हता. "तुमचा बसेल ना त्याच्यावर?"

बाप मुलाच्या तोंडाकडे बघत होता. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण नाही म्हटलं की आजवर ज्यांना ज्यांना हो म्हटलं त्यांचं काय, हा प्रश्न आलाच, आणि त्यामागोमाग नोकरी गेलीच.

"बसतो, सर," तो म्हणाला. पुढचं वाक्य सवयीनेच तोंडातून निघालं. "बिनधास्त बसवा. माझ्या वडिलांना तोच बसवलाय."

बोलणं संपेपर्यंत म्हाताऱ्याने फोन त्याच्या कानाशी नीट धरून ठेवला. मग तो परत त्याच्या खिशात घातला, त्याच्या मुठीतून आपला दंड सोडवून घेतला आणि भिंतीला धरत एकटाच चालू लागला.