दाराआडचे

"जेवण आधी की बुडी आधी?" यॉटवर मुक्कामाचा बेत ठरवताना इरावती दळवीने विचारलं.

"बुडी. भरल्या पोटी ऐकवत नाही," यॉट चालवणारे तांडेल कुबल म्हणाले.

बुडालेल्या बोटींच्या गंजात साठलेले आवाज आता पाणबुड्यांच्या हेल्मेटमध्ये ऐकू येत. इथे बुडालेल्या आगबोटीचे कप्तान इरावतीचे पणजोबा होते. त्यांचा शेवटचा हुकूम तिला घरी अभिमानाने ऐकवायचा होता.

कुबलांनी समुद्राला नारळ वाहिला. ती उतरली.

वर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "पणजोबा म्हणाले, खालच्या मजल्याचं दार बाहेरून लावा. होड्या पुरणार नाहीत."

"ठाऊक आहे."

"मग नारळ कुणाला वाहिलात?"

"दाराआडच्यांना. आमचं अख्खं गाव होतं आत," कुबल म्हणाले. "आता जेवण वाढायला सांगू?"