अस्वल उतरलं का?

माझा लेक लोकांची घड्याळं दुरुस्त करतो आणि स्वतः नऊला उठतो. रक्तातली साखर वाढायला लागली तेव्हा वैद्यबुवांनी त्याला कागदावर दिनचर्या लिहून दिली. पहाटे उठायचं, अंगाला तेल लावायचं, तासभर चालायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं. "दीड महिन्यात साखर उतरली नाही, तर गोळी चालू!"

पठ्ठ्यानं दोन दिवस केलं आणि तिसऱ्या दिवशी डोक्यावरून पांघरूण घेतलं.

मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "लहानपणी मी सायकलवरून चालले होते, तर मागे कॅरिअरवर एक अस्वल येऊन बसलं."

पांघरूण खाली आलं. "मग?"

"मग काय, चालता चालता सांगते. तेल लावून ये."

रोज गोष्ट ऐन रंगात यायची आणि नेमकं घराचं फाटक यायचं.

"आई, असं अर्धवट नको गं!"

"आता उद्या. आणि जेवायला उशीर केलास, तर अस्वल कायमचं कॅरिअरवर राहील."

चाळिसाव्या दिवशी तो तपासणीचा कागद नाचवतच घरी आला. साखर उतरली होती! वैद्यबुवांनी विचारलं, कसं काय जमलं, तर यानं त्यांना अस्वलाची गोष्ट सांगितली. अर्थात, तिथवरचीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बेल वाजली. दारात वैद्यबुवा उभे! अंग तेलानं चपचपलेलं, बुटांच्या नाड्या सुटलेल्या.

"आजी, बावीस वर्षं हा कागद लोकांना लिहून देतोय, स्वतः आज पहिल्यांदा उठलो! सांगा, अस्वल उतरलं का?"