पडदा पार्किंग सोडून गेला

सोसायटीशेजारच्या कार वॉशच्या पंपाची घरघर आणि दिव्यांचा झगझगाट थांबावा म्हणून ऐंशी घरांच्या सह्या गोळा केल्या कुणी, तर कोपऱ्यातल्या घरातल्या शैलाताई फणसे यांनी! लेक बाळंतपणाला आलेली, तान्ह्याला झोप नाही, म्हणून बाई दारोदार हिंडल्या. आणि मंजूर झाला की पडदा! कार वॉशकडचा आवाज आणि उजेड गिळून टाकणारा, पलीकडे काही म्हणजे काही जाऊ न देणारा.

पण कुंपणालगत पडदा लावायचा तर पार्किंगच्या सहा जागा जाणार. त्या कोण सोडतंय? मीटिंगमध्ये भराभर हात वर झाले आणि पडदा शैलाताईंच्या घराच्या अलीकडून गेला. त्यांचं घर राहिलं कार वॉशच्या बाजूला.

आज सकाळी पंप सुरू झाला आणि बाळानं टाहो फोडला. शैलाताई खिडकीतून जीव तोडून ओरडल्या, "अहो करंदीकर!" पडद्यापलीकडे कुंड्यांना पाणी घालताना त्यांना स्पष्ट दिसणाऱ्या सेक्रेटरींनी मानही वळवली नाही. मग शैलाताईंनी फोनच लावला.

"बोला ताई! काय शांतता आहे हो, सगळी तुमची कृपा! पण तुमच्याकडे एवढा कसला गोंगाट? जरा बंद करा ना, काही ऐकूच येत नाही."